लढाईच्या वर्षाची आवणी

आषाढ लागला की शहापूरच्या माझ्या घरात मला करमत नाही. शाळेत दोन दिवसांची रजा टाकते, मुरबाडला गाडी बदलून टोकावड्याच्या एसटीत बसते आणि माहेरी आवणीला जाते. आमच्याकडे भाताच्या लावणीला आवणी म्हणतात. आता माझ्याने अर्ध्या दिवसापलीकडे वाकवत नाही. चिखलातून पाय उपसताना गुडघे कुरकुरतात, आणि बाजूच्या बायका "मास्तरीन, तुमी बांधावर बसा, आमाला चा आना" म्हणून मला मोडीत काढतात. तरी मी जाते. राबातली रोपं उपटताना मुळांचा जो ओला, किंचित गोडसर वास येतो तो मला दुसरीकडे कुठे मिळत नाही.

पण याच दिवसांत टीव्हीवाल्यांनाही लढाई आठवते. कारगिलची लढाई याच दिवसांतली, त्यामुळे एकेक वाहिनी आपापले माहितीपट बाहेर काढते. शेतातून यावं, पायाचा चिखल धुवावा, तर ओटीवर आप्पा, माझे वडील, आवाज मोठा करून बसलेले. बर्फाचे डोंगर, तोफांचा धूर, दरीवरून जाणारं विमान, आणि या सगळ्यावर एका भारदस्त माणसाचा आवाज. "त्यांना कल्पनाही नव्हती, की पुढच्या काही दिवसांत..." असं त्याचं वाक्य सुरू झालं की माझं डोकं सटकतं. त्या माणसाला सगळं माहीत असतं. कोणतं शिखर कधी हाती येणार, कोण परतणार, कोण नाही. तो शेवट वाचून मग गोष्ट सांगायला बसलेला असतो. आमच्या घरात ती लढाई चालू होती तेव्हा शेवट कुणालाच माहीत नव्हता. मला त्या वर्षाचं दुसरं काही आठवत नाही, फक्त हे माहीत नसणं आठवतं.

आप्पांचं हे वेड मात्र लढाईच्या आधीपासूनचं. मुरबाडच्या एमआयडीसीत ते एका कारखान्यात होते. पहिली पाळी करून घरी आले की आंघोळ, चहा, आणि टीव्ही. आमचा टीव्ही गावातला पहिला रंगीत, पण आप्पांना त्यावर बघायचं असायचं ते काळं-पांढरं. दुसऱ्या महायुद्धातली विमानं, बुडणाऱ्या बोटी, लांब कोट घालून हात हलवणारे पुढारी. केबलवाल्याकडे अशा कॅसेटी होत्या. स्वतःच्या चॅनलवर तो दुपारी पिक्चर लावायचा आणि संध्याकाळी आप्पांच्या आग्रहाखातर लढाई. आमची भावकी ओटीवर जमायची. भिकूकाका, म्हणजे आप्पांचे चुलतभाऊ, दर वेळी एकच विचारायचे.

"दादा, ह्ये विमान आपलं का त्यांचं?"

"आपलं पन नाय नि त्यांचं पन नाय. गप बघ."

माळशेजच्या डोंगरावरून मुंबईकडे उतरणारं विमान दिसलं की आप्पा बैल थांबवून वर बघायचे आणि त्याचं नाव सांगायचे. निम्म्या वेळा ते चुकीचं असणार, पण आम्हाला कुठे पारखता येत होतं? दुसऱ्या कुणी काही चूक बोललं तर मात्र त्यांना राहवायचं नाही. एकदा शाळेच्या हेडमास्तरांनी हेलिकॉप्टरला विमान म्हटलं, तर यांनी भर लग्नाच्या पंगतीत त्यांना पंख आणि पंखा यांतला फरक समजावला. हेडमास्तरांचा वरणभात गार झाला.

या हौसेचा परिणाम व्हायचा तो झाला. माझा मोठा भाऊ दिनेश बारावीनंतर हवाई दलात भरती झाला. वैमानिक नव्हे. तो हेलिकॉप्टरांची देखभाल करायचा आणि गरज पडली की त्यांतून जायचाही. आप्पांनी गावभर पेढे वाटले. आई चुलीपुढून उठली नाही. "विमानाची हौस बापाला, आन धाडला पोराला," एवढंच बोलली आणि भाकरी थापत राहिली.

त्या वर्षी राब भाजून झाले होते. वैशाखात आम्ही शेताच्या एका तुकड्यावर पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतो आणि मग त्याच भाजलेल्या मातीत भाताचं बी पेरतो. त्या धुराचा वास अजून कपड्यांतून गेला नव्हता, तेवढ्यात वर डोंगरात लढाई सुरू झाल्याची बातमी आली. दिनेश उत्तरेत कुठेतरी होता. नेमकं कुठे ते त्याने कधी सांगितलं नव्हतं. महिन्याला त्याचं एक पत्र यायचं आणि अधूनमधून फाट्यावरच्या किराणा दुकानात फोन. दोन्ही बंद झालं. मग एके दिवशी बातम्यांत सांगितलं की आपलं एक हेलिकॉप्टर पाडलं गेलंय. त्यात दिनेश नव्हता, ते नंतर बातम्यांत नावं सांगितली तेव्हा कळलं. पण कळेपर्यंतचे तास कसे गेले ते मला लिहिता येणार नाही. आणि तो त्यात नव्हता म्हणजे दुसऱ्या कशात नाही, असं थोडंच होतं?

त्या बातमीनंतर घरात एक विचित्र अदलाबदल झाली. आयुष्यभर लढाया बघणारे आप्पा टीव्हीकडे पाठ करून बसायला लागले. बातम्या लागल्या की गोठ्यात जायचे. धुतलेल्या बैलांना पुन्हा धुवायचे. आणि जिला रणगाडा आणि ट्रॅक्टर यांत फारसा फरक वाटायचा नाही, ती आई टीव्हीपुढून हलेना. तांदूळ निवडायला घेऊन बसायची आणि खडा दिसला तरी वेचायची नाही. तिची नजर एकाच कामाला लागलेली असायची, तोंडं बघण्याच्या. ट्रकवर चढणारी, रांगेत उभी राहिलेली, स्ट्रेचर उचलणारी तोंडं. एक आलं, गेलं, दुसरं आलं. आणखी एक बदल झाला. "मेल्या", "मुडद्या" हे आईच्या तोंडातले रोजचे शब्द. बैलाला, मांजराला, आम्हाला, सगळ्यांना तेच. ते शब्द तिने टाकले. मांजर दुधात तोंड घालताना पकडलं तरी ती नुसती "हाड" म्हणायची.

पाऊस चांगला लागला होता. खाचरं भरली होती. दर वर्षी आमच्या भावकीत सावडीने आवणी होते. आज सगळे मिळून एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. सुरुवात आमच्या शेतापासून, कारण आमचं घर थोरलं. त्या वर्षी मात्र आम्हाला बोलवायला कुणी आलं नाही. भिकूकाकांनी परस्पर चिखलणी करून घेतली आणि वाडीवरची माणसं रोजाने लावून आवणीला हात घातला. त्यांचं बघून बाकीच्यांनीही. गड्यांना जेवायला वेळ देत नव्हते, इतकी घाई. मला वाटलं, आमच्या काळजीमुळे ते आम्हाला कामाला ओढत नाहीत. मी भाबडीच.

एका सकाळी आई आणि मी आमच्या राबात रोपं उपटत होतो. डोक्यावर खताच्या गोणीच्या खोळी, वरून पाऊस, त्यामुळे लांबून आम्ही कुणाला ओळखू येण्यासारख्या नव्हतो. बांधापलीकडे गंगूकाकी, म्हणजे भिकूकाकांची बायको, वाडीवरच्या बायांना हाकत होती.

"उरका गो, उरका! काय बातमी यायच्या आत आवणी झाली पायजे. सुतक लागलं तं राब जागच्या जागी पिवला पडंल."

हे वाक्य ज्यांच्या घरी भातशेती नाही त्यांना कदाचित साधं वाटेल. आमच्यात भावकीत कुणी गेलं की दहा दिवस सुतक धरतात, आणि सुतकात बी-रोपाला कुणी हात लावत नाही. आवणीतले दहा दिवस गेले तर रोप जून होतं. मग ते लावलं काय नि न लावलं काय, वर्षाचा तांदूळ गेला. म्हणजे अख्खी भावकी धावत होती ती पावसाच्या पुढे नव्हे, माझ्या भावाच्या मरणाच्या पुढे. त्याचं सुतक त्यांनी हिशेबात धरलं होतं.

मी आईकडे पाहिलं. तिने हातातली रोपं पायावर आपटून मुळांची माती झाडली, मूठ बांधली, मागे टाकली आणि पुढची उपटायला घेतली. तिचा चेहरा खोळीत होता. मला दिसला नाही.

गंगूकाकी दुष्ट नव्हती, हेही सांगायला हवं. दिनेशसाठी म्हसा गावच्या देवाला नवस तिनेच बोलला होता. जत्रेत पायी येईन म्हणाली होती, आणि ते खोटं नव्हतं. पोर परत यावं असं तिला मनापासून वाटत होतं आणि वाईट बातमी आलीच तर त्याआधी आपली आवणीही उरकायला हवी होती. मी इतकी वर्षं विचार करते, पण तिच्यावर धड रागावता येत नाही. त्या दिवशी मात्र तिच्या तोंडात चिखल कोंबावा असं वाटलं होतं.

त्यानंतर दोन-तीन दिवसांनी दिवेलागणीला सगळे पुन्हा आमच्या ओटीवर जमले. बातम्या संपल्या. केबलवाल्याने त्या दिवसांत एक नवंच सुरू केलं होतं. लोकांना लढाई बघायची असते म्हणून बातम्यांच्या मधल्या वेळात तो जुन्या कॅसेटी मधूनच कुठूनतरी लावून द्यायचा. नाव नाही, सुरुवात नाही. आमच्या टीव्हीचे रंग तोवर उडाले होते आणि मुंग्या इतक्या की काल काढलेलं चित्र आणि तीस वर्षांपूर्वीचं चित्र सारखंच दिसायचं. भावकीला ते सगळं आजचंच वाटायचं, आणि सांगणारे आप्पा तर ओटीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसलेले.

पडद्यावर एक हेलिकॉप्टर उभं होतं. त्याच्या शेजारी एक पोरगा फडक्याने हात पुसत होता. कुणीतरी त्याला हाक मारली असावी. त्याने मान वर केली, सरळ आमच्याकडे बघितलं आणि हसला.

"दिन्या!" आई ताडकन उठली. सुपातले तांदूळ ओटीभर झाले. "ह्यो बघा माजा दिन्या! बघा, हसतोय! बघा सगल्यांनी!" तिने टीव्हीच्या काचेवर बोट ठेवलं. तेवढ्यात तो पोरगा गेला आणि तिथे डोंगर आले.

मग एकेक मान आप्पांकडे वळली. विमानाच्या बाबतीत शेवटचा शब्द त्यांचा. भिकूकाकांनी विचारलं, "दादा, दिन्याच ना तो?"

ती कॅसेट मी ओळखली होती. आप्पांनी ती इतक्यांदा लावायला लावली होती की पुढे कुठलं विमान येणार हे मलाही पाठ होतं. ती मागच्या, एकाहत्तरच्या लढाईची होती. ती लढाई झाली तेव्हा दिनेशचा जन्मसुद्धा झाला नव्हता. आणि हा माणूस तर पंगतीत हेडमास्तरांना सोडत नाही.

आप्पा वळले. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग आईकडे. ती काचेपाशी उभी होती आणि तिचं बोट अजून तिथेच होतं.

"व्हय," आप्पा म्हणाले. "दिन्याच तो."

मग जो गलका झाला! गंगूकाकी रडायला लागली. आईच्या गळ्यात पडली, घरी धावली आणि गुळाची ढेप घेऊन आली. भिकूकाका पोरांना सांगत सुटले की दिन्याचं हेलिकॉप्टर कसलं मोठं आहे. दुसऱ्या दिवशी सकाळीच ते दारात हजर. "वयनी, उद्या तुमच्या खाचरात येतो सगली. थोरल्या घराचं मागं ऱ्हायलं, बरं दिसत नाय." आई म्हणाली, "या." चेहऱ्यावर काही नाही. पण त्या सकाळी ती दोन भाकऱ्या जेवली, ते मी बघितलं.

मी आप्पांना गोठ्यात गाठलं. "आप्पा, ती कॅसेट जुनी हाय."

"म्हाईत हाय."

"आईला सांगायला नको?"

"म्हाईत हाय बोललो ना मी!" ते इतक्या जोरात ओरडले की बैल बिचकला. मग हळू आवाजात म्हणाले, "तिला आज घास गेला. मला तेवडा पुरे. तू गप ऱ्हा गो."

मी गप्प राहिले. पण त्यानंतरचे दिवस आधीच्यापेक्षा वाईट गेले. आधी तिघं मिळून घाबरत होतो. आता आई निर्धास्त आहे असं धरून आप्पा आणि मी दोघंच घाबरत होतो, तेही तिच्यापासून लपवून. आमच्या खाचरात भावकी ओळीने वाकली होती, गाणी चालली होती, गंगूकाकीचा आवाज सगळ्यांत वर. मी मूठ सोडायची, चार काड्या चिखलात रोवायची आणि रस्त्याकडे बघायची. लाल एसटी थांबली की उतरणारी माणसं मोजायची. खाकी कपड्यातला कुणी उतरला की तो कोणत्या वाटेला लागतो ते बघायची. एकदा पोस्टमन सायकलवरून आमच्या बांधाकडे वळला. आप्पा नांगराचा दांडा धरून जागीच थिजले. तो लघवीला वळला होता. आप्पांनी त्याला नंतर उगाचच झापलं.

आवणी संपत आली तेव्हा फाट्यावरच्या दुकानदाराची बायको बांधाबांधाने येताना दिसली. ती कधी शेतात येत नाही. छत्री वाऱ्याने उलटी झाली होती, साडी गुडघ्यापर्यंत भिजली होती आणि ती काहीतरी ओरडत होती. पावसात ऐकू येत नव्हतं. सगळी ओळ उभी राहिली. गाणं थांबलं. गंगूकाकीच्या हातातली मूठ खाली पडली. मी आप्पांकडे पाहिलं नाही.

"फोन!" ती जवळ आल्यावर ऐकू आलं. "दिनेशचा फोन! परत करतो बोलला!"

आम्ही चिखलाच्या पायांनी फाट्यापर्यंत कसे गेलो मला आठवत नाही. फोन वाजला तसा आप्पांनी उचलला. "हालो" म्हणाले. आईने तो त्यांच्या हातातून ओढला.

"मेल्या..." ती सुरू झाली, आणि जीभ चावली. मग दुकानातल्या साखरेच्या पोत्यावर बसून ती हमसून हमसून रडली. फोनमधून दिनेश "आई, आई, बरा हाय मी" म्हणत होता, ते आम्हा सगळ्यांना ऐकू येत होतं.

त्यानंतर काही वर्षांनी दिनेशला नेमकी आवणीच्या दिवसांत रजा मिळाली. एका संध्याकाळी आम्ही चौघं ओटीवर बसलो होतो. आप्पांनी त्याच लढाईवरचा माहितीपट लावला होता, चांगला, नवा, मुंग्या नसलेला. आता त्यांची पाठ टीव्हीकडे नव्हती. मुलगा शेजारी बसून शेंगा खात होता, आणखी काय हवं? भारदस्त आवाज सांगत होता. शिखरं झाली, तोफा झाल्या, दिल्लीतल्या बैठका झाल्या. मग एक वाक्य आलं, की या काळात हेलिकॉप्टरांनी जखमींना खाली आणण्याचं मोलाचं काम केलं. पुढचं दृश्य सुरू झालं. दिनेशचा शेंग फोडणारा हात थांबला होता. त्या उन्हाळ्याबद्दल तो आम्हाला कधीच काही बोलला नाही.

आई म्हणाली, "दिन्या, त्या साली म्या ह्यात एक पोरगा दाखवला होता सगल्यांना. तू म्हनून."

आप्पा गडबडले. "अगो, ती कॅसेट... म्हंजे तुला तवा..."

"जुनी होती. म्हाईत हाय मला." आईने त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "माज्या पोराचं तोंड मला वलखंत नाय व्हय? गंगू नि सगली जना त्याचं सुतक धरून आवनी उरकत होती. त्यांचं तोंड बंद करायला मी बोलले. आन तुमी पन व्हय बोललात, म्हनून निभलं."

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांच्याकडे. इतकी वर्षं आम्ही दोघं एकमेकांकडे चोरून बघत तिला सांभाळत होतो.

पण आईचं बोलणं संपलं नव्हतं. ती दिनेशकडे वळली. "त्या पोराला मी माजा बोलले रे. चार मान्सांच्या पुढं, काचेवर हात ठेवून. तवापास्नं त्यो माज्या डोल्यापुढनं जात नाय. कोनाचा होता काय म्हाईत. तो घरी गेला का?"

आप्पांना सुटल्यासारखं वाटलं असावं, कारण या प्रश्नाचं उत्तर त्यांच्याकडे होतं. "गेला असंल. ती लढाई आपन जिंकलो होतो."

"लढाईचं कोन इचारतंय?" आई म्हणाली. "मी पोराचं इचारते."

दिनेशने शेंगांची टरफलं गोळा केली, मुठीत धरली आणि टीव्ही बंद केला.

"नाय म्हाईत, आई," तो म्हणाला. "ते कोनी सांगत नाय."